वाचकांचे प्रश्न : वैद्यकातल्या जागल्यांची पारख

प्रश्न : माझे वय ६३ आहे. करोनाच्या साथीपासून मी रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेते. त्याने यकृत बिघडते असे डॉक्टरांनी सिद्ध केले आहे, असे मुलगा सांगतो. आमचे वैद्य म्हणतात की आयुर्वेदावर टीका करणाऱ्यांच्या मागे औषध कंपन्यांचा पैसा असतो. दोघेही माझ्या काळजीपोटीच बोलतात. मी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : करोनाच्या वर्षी माझ्याही गॅलरीतल्या कुंडीत गुळवेल चढली होती, त्यामुळे तुमचा प्रश्न मला परका नाही. मुलाचे आणि वैद्यांचे म्हणणे जरा वेळ बाजूला ठेवू आणि मुळात काय घडले ते पाहू.

मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत यकृताला सूज आलेले हे रुग्ण त्यांच्याकडे आले होते आणि सगळ्यांनी गुळवेल घेतलेली होती. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तेव्हा जशी लक्षणे दिसतात तशी ती दिसत होती. म्हणून डॉक्टरांचा निष्कर्ष असा होता की गुळवेल एक तर असा आजार निर्माण करत असावी किंवा आधीच दबा धरून बसलेला आजार उघडा पाडत असावी. आयुष मंत्रालयाने हा संबंध दिशाभूल करणारा असल्याचे जाहीर केले. रुग्णांनी जे घेतले ती गुळवेलच होती हे लेखकांनी तपासलेले नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, असा मंत्रालयाचा आक्षेप होता. मंत्रालयाचा सूर काहीही असो, आक्षेप मात्र रास्त होता. पुढे २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांकडून मिळालेल्या गुळवेलीच्या नमुन्यांचे रासायनिक विश्लेषणही केले होते आणि निष्कर्ष मुंबईच्या निष्कर्षाशी जुळणारा होता.

एवढ्यावरून काय म्हणता येते? काही माणसांत, विशेषतः ज्यांना स्वप्रतिकाराचा, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा, एखादा आजार आहे किंवा त्याचा कल आहे त्यांच्यात, गुळवेलीने यकृताला इजा होऊ शकते असे म्हणायला सबळ आधार आहे. किती जणांमागे एकाला ती होते, हे मात्र या अभ्यासांवरून सांगता येत नाही. कारण त्या काळात गुळवेल घेणारे एकूण किती होते याची गणती कोणाकडेच नाही. तेव्हा ‘गुळवेल हे विष आहे’ असे सांगणारा टीकाकार पुराव्याच्या पुढे धावतो आहे आणि ‘गुळवेल निसर्गातली आहे, तिने काहीच होणार नाही’ असे सांगणारा पुराव्याकडे पाठ फिरवतो आहे. टीकाकाराची, म्हणजे वैद्यकातल्या जागल्याची, पहिली परीक्षा मी इथेच घेतो. जेवढा पुरावा हातात आहे तेवढेच तो बोलतो की त्याच्या जोरावर आणखी चार वाक्ये पुढे रेटतो?

आता पैशाचे. टीकाकाराला पैसा कोण पुरवतो हे विचारणे चुकीचे मुळीच नाही. १९७८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेली अमेरिकन कौन्सिल ऑन सायन्स अँड हेल्थ ही संस्था विज्ञानाच्या नावाने आरोग्याविषयीच्या भीतीचे खंडन करत आली. २०१३ मध्ये तिची अंतर्गत कागदपत्रे बाहेर पडली, तेव्हा तिला मोठमोठ्या कंपन्यांकडून पैसा मिळत असल्याचे दिसले. अशा संस्थेने एखादे रसायन निर्धोक असल्याचा निर्वाळा दिला तर तो दहा वेळा तपासून घ्यावा. मात्र हितसंबंध दिसला की तपासणी कडक करावी एवढेच त्यातून निघते. समोरचा खोटे बोलतो आहे हे त्यातून आपोआप ठरत नाही. तसे ठरत असते तर काढ्याची पुडी विकणाऱ्या वैद्यांचे म्हणणेही त्याच न्यायाने फेटाळावे लागले असते आणि तुम्ही ते करणार नाही, करूही नये. शिवाय यकृततज्ज्ञांनी गुळवेलीविरुद्ध लिहिल्याने कोणत्या कंपनीचे कोणते औषध जास्त खपणार, हे त्या आरोपात कोणी सांगितलेले नाही. आरोप करणाऱ्याने निदान पैसा कोणत्या वाटेने आला ती वाट तरी दाखवावी.

याच संदर्भात एझार्ड अर्न्स्ट यांचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. जर्मनीत वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या या डॉक्टरांच्या नोकरीची सुरुवात म्युनिकमधील होमिओपॅथीच्या रुग्णालयात झाली. १९९३ मध्ये ते इंग्लंडमधील एक्सिटर विद्यापीठात पूरक वैद्यकाचे, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरच्या उपचारांचे, प्राध्यापक झाले आणि पुढची जवळजवळ दोन दशके त्यांनी या उपचारांच्या चाचण्या आणि उपलब्ध चाचण्यांचे आढावे घेण्यात घालवली. होमिओपॅथीविषयी त्यांचे मत हळूहळू प्रतिकूल होत गेले. परंतु सौम्य ते मध्यम नैराश्यावर सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती उपयोगी पडते, असेही त्यांनीच सांगितले आणि ती इतर औषधांच्या परिणामांत ढवळाढवळ करते हा इशाराही दिला. ज्याच्या तोंडून ‘हे चालते’ आणि ‘हे चालत नाही’ ही दोन्ही वाक्ये येतात, त्याच्या नकाराला वजन असते.

तुमच्यापुरते सांगायचे तर तुम्हाला थायरॉइडचा, सांध्यांचा किंवा त्वचेचा स्वप्रतिकाराचा आजार असेल, पूर्वी कावीळ होऊन गेली असेल किंवा लघवी गडद होणे, भूक मंदावणे, डोळे पिवळसर दिसणे असे काही जाणवत असेल, तर काढा थांबवून लगेच डॉक्टरांना भेटा. तसे काही नसले तरी इतकी वर्षे रोज घेत आहात, तेव्हा यकृताची रक्ततपासणी एकदा करून घ्या आणि तिचा अहवाल डॉक्टरांना दाखवा, वैद्यांनाही दाखवा.

प्रश्न : मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे. वैकल्पिक उपचारांवर टीका करताना आपल्याकडील लेखक भोंदू उपचारांवर नजर ठेवणाऱ्या ‘क्वॅकवॉच’ या अमेरिकी उपक्रमाचा आणि त्याचे संस्थापक स्टीफन बॅरेट यांचा सर्रास आधार घेतात. अमेरिकेतल्या न्यायालयानेच बॅरेट यांना अविश्वसनीय ठरवले आहे. मग त्यांचे दाखले द्यावेत तरी कशाला?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुम्ही ज्या निकालाकडे बोट दाखवता तो खरा आहे, पण तो शेवटपर्यंत वाचायला हवा. ‘नॅशनल कौन्सिल अगेन्स्ट हेल्थ फ्रॉड’ या संस्थेने किंग बायो या होमिओपॅथिक औषधे बनवणाऱ्या कंपनीवर कॅलिफोर्नियात खोट्या जाहिरातीचा दावा लावला होता. बॅरेट त्यात संस्थेच्या बाजूचे तज्ज्ञ साक्षीदार होते. संस्थेने किंग बायोच्या एकाही औषधाची स्वतः चाचणी केलेली नव्हती. होमिओपॅथीला शास्त्रीय आधार नाही हे सर्वमान्य आहे, तेव्हा आपले औषध गुणकारी आहे हे कंपनीनेच सिद्ध करावे, असा तिचा युक्तिवाद होता. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला, संस्थेचे साक्षीदार पक्षपाती असल्याचे म्हटले आणि त्यांच्या साक्षीला फारसे वजन दिले नाही. २००३ मध्ये अपिलाच्या न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कायद्याच्या भाषेत सांगायचे तर शाबितीचा भार फिर्यादीवरच राहिला.

मला विचाराल तर संस्था हरली हे योग्यच झाले. पुराव्याचा आग्रह धरणाऱ्याने पुरावा न घेता न्यायालयात जावे, यापेक्षा मोठी विसंगती कोणती? बॅरेट यांच्यासारखा मनोविकारतज्ज्ञ होमिओपॅथीच्या औषधांविषयी तज्ज्ञ म्हणून साक्षीला उभा राहतो तेव्हा न्यायाधीशांनी भुवया उंचावणेही स्वाभाविक आहे. पण होमिओपॅथी गुणकारी आहे की नाही, याचा निवाडा करणारा तो निकाल नव्हता. न्यायालयापुढे प्रश्न होता तो समोर आलेल्या पुराव्यावर दावा सिद्ध होतो का, एवढाच. या निकालावरून बॅरेट साक्षीदार म्हणून कमी पडले असे म्हणता येईल; त्यांनी लिहिलेले प्रत्येक वाक्य खोटे आहे असे म्हणता येणार नाही, आणि होमिओपॅथी सिद्ध झाली असे तर मुळीच नाही.

बॅरेट यांच्या लिखाणाचा उपयोग मी एकाच प्रकारे करतो. ते कोणत्या मूळ अभ्यासाकडे, कोणत्या खटल्याकडे, कोणत्या सरकारी आदेशाकडे बोट दाखवतात ते पाहतो आणि तिकडे जाऊन वाचतो. त्यांची विशेषणे मी घेत नाही. त्यांची लेखणी बोचरी आहे, एखाद्या उपचारपद्धतीला आणि ती करणाऱ्या माणसाला ती एकाच फटक्यात झोडपते आणि त्यामुळे सुक्याबरोबर ओलेही जळते. आपल्याकडच्या लेखकांनी ‘क्वॅकवॉच म्हणते’ एवढ्यावर थांबणे हा आळस आहे, ही तुमची तक्रार मला मान्य आहे.

बॅरेट यांना वगळूनही होमिओपॅथीबद्दल बोलता येते आणि तिथे दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखे खूप आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध केला. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा कोणत्याही आजाराबाबत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. होमिओपॅथीच्या समर्थकांनी त्यावर दोन ठोस आक्षेप घेतले. परिषदेने किमान १५० सहभागी असलेल्या चाचण्याच विश्वसनीय मानल्या, ही अट मनमानी आहे, हा पहिला. याआधी तयार झालेला एक मसुदा परिषदेने दडवून ठेवला, हा दुसरा. अखेर २०१९ मध्ये परिषदेला तो मसुदा प्रसिद्ध करावा लागला आणि काही थोड्या आजारांबाबत त्यात ‘उत्साहवर्धक’ असा शब्द वापरलेला होता. त्याच वेळी परिषदेने खुलासा केला की आढाव्याने होमिओपॅथी निष्फळ ठरवलेली नाही, विश्वसनीय पुरावा नाही एवढेच म्हटले आहे. म्हणजे मधली चार वर्षे जगभरचे मथळे जे सांगत होते ते मूळ वाक्यापेक्षा एक पायरी पुढचे होते!

मसुदा दडवणे चूक होते, आणि टीकाकारांनी ते मोकळेपणाने मान्य करायला हवे होते. पण म्हणून निष्कर्ष उलटला का? नाही. ‘उत्साहवर्धक’ म्हणजे सिद्ध नव्हे, आणि मसुदा बाहेर आल्यानंतरही विश्वसनीय पुरावा मिळाला असे घडलेले नाही. जागल्या चुकला तर त्याची चूक सांगावी. पण त्याने ओरडून सांगितलेला चोर खरोखर आला होता की नाही, हे वेगळे पाहावे लागते.

प्रश्न : टीका खोटी असेल तर कंपन्या खटला का भरत नाहीत? आणि भरला तर टीका खोटी असे समजावे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : भरतात. ब्रिटनमध्ये विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी २००८ मध्ये वृत्तपत्रातील लेखात लहान मुलांच्या काही तक्रारींवर मणक्याची हाताळणी करणाऱ्या कायरोप्रॅक्टरांच्या दाव्यांवर टीका केली, तेव्हा कायरोप्रॅक्टरांच्या ब्रिटिश संघटनेने सिंग यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. २०१० मध्ये अपिलाच्या न्यायालयाने सिंग यांना मतप्रदर्शनाचा बचाव घेण्याची मुभा दिली आणि संघटनेने दावा मागे घेतला. आपल्याकडे केरळमधील यकृततज्ज्ञ सिरियक ॲबी फिलिप्स यांचे ट्विटरवरील खाते सप्टेंबर २०२३ मध्ये हिमालया कंपनीच्या दाव्यावरून बेंगळुरूच्या न्यायालयाच्या एकतर्फी आदेशाने बंद झाले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने, वादग्रस्त मजकूर झाकून ठेवण्याच्या अटीवर, ते पुन्हा सुरू करण्यास सांगितले. एकतर्फी आदेश म्हणजे दुसरी बाजू ऐकण्याआधी दिलेला आदेश. त्यावरून औषधाच्या गुणाविषयी काहीही ठरत नाही. खटला भरला जाणे, मागे घेतला जाणे, खाते बंद होणे, यांतून कोणाची किती ताकद आहे ते कळते. टीका खरी की खोटी, ते मात्र अभ्यास वाचूनच ठरवावे लागते.

प्रश्न : इंडियन मेडिकल असोसिएशनने पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. पण हीच संघटना फळांच्या रसाच्या डब्यावर आपले नाव लावू देत होती ना? मग तिला हा अधिकार कोणी दिला?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमची आठवण पक्की आहे. २००८ मध्ये संघटनेने ट्रॉपिकाना रस आणि क्वेकर ओट्स या उत्पादनांना आपले नाव दिले होते आणि त्यावरून भारतीय वैद्यकीय परिषदेसमोर तक्रार होऊन संघटनेच्या पदाधिकाऱ्यांवर कारवाई झाली होती. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा आरोप संघटनेवर लागू पडतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेतूनही ते सुटले नाही. एप्रिल २०२४ मध्ये, पतंजलीने आपल्या जाहिरातींबद्दल दिलेल्या माफीनाम्यावर सुनावणी चालू असतानाच न्यायमूर्तींनी संघटनेला सुनावले की एक बोट पतंजलीकडे असताना उरलेली चार तुमच्याकडे वळलेली आहेत. महागडी आणि अनावश्यक औषधे लिहून देणाऱ्या डॉक्टरांविषयीच्या तक्रारींचे काय, अशी विचारणाही त्यांनी केली. त्यानंतर संघटनेच्या अध्यक्षांनी एका मुलाखतीत न्यायालयाविषयी नाराजी व्यक्त केली, आणि माफी मागण्याची पाळी त्यांच्यावर आली.

अधिकाराचे मात्र तसे नाही. त्या खटल्याचा मुख्य आधार १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा हा होता. मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू यांसारख्या परिशिष्टातील आजारांवर औषध असल्याची जाहिरात करण्यास तो मनाई करतो आणि ही मनाई आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, ॲलोपॅथिक अशा सगळ्यांना सारखीच आहे. जाहिरात त्या मनाईत बसते की नाही हे जाहिरातीचा मजकूर पाहून ठरते. तक्रारदाराचे हात स्वच्छ आहेत का, यावर ते अवलंबून नसते. शेजाऱ्याने तुमच्या घरातून धूर येतोय असे ओरडून सांगितले, तर त्याच्या घरी परवा काय जळले होते हे विचारत बसण्याआधी आपण स्वयंपाकघरात धावतो. न्यायालयाने नेमके तेच केले आणि वर शेजाऱ्यालाही त्याच्या घरातला धूर दाखवला.

प्रश्न : दरवर्षी मी भारतातून परत येताना आई सांधेदुखीची भस्मयुक्त गोळी सोबत देते. भारतीय औषधांत शिसे असते, असे इथले डॉक्टर सांगतात. हा पाश्चात्त्यांचा पूर्वग्रह तर नाही ना?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ही शंका येणे साहजिक आहे, आणि सुदैवाने ती आकड्यांनी तपासता येते. २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. बॉस्टन परिसरातील दक्षिण आशियाई वाणसामानाच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले. त्यावर आपल्याकडे दोन प्रकारची उत्तरे दिली गेली. एक, रसशास्त्रात, म्हणजे धातू-खनिजांपासून औषधे बनवण्याच्या आयुर्वेदाच्या शाखेत, धातूंचे शोधन (शुद्धीकरण) व मारण (भाजून राख करणे) करून भस्म केले जाते, तेव्हा धातू असणे हा दोष नव्हे. दोन, हा भारताच्या बदनामीचा प्रकार आहे.

दुसऱ्या उत्तराची परीक्षा त्याच संशोधकांनी नकळत घेऊन ठेवली. २००८ च्या अभ्यासात त्यांनी इंटरनेटवर विकली जाणारी १९३ उत्पादने तपासली. धातू सापडलेल्यांचे प्रमाण होते २०.७ टक्के, आणि अमेरिकेत बनलेल्या उत्पादनांत ते २१.७ टक्के, तर भारतात बनलेल्यांत १९.५ टक्के निघाले. बदनामीच करायची असती तर हे आकडे छापले गेले नसते. आपल्या समजाला सोयीचे नसलेलेही छापणे, ही जागल्याच्या प्रामाणिकपणाची मला पटणारी खूण आहे. आपल्या सरकारनेही पहिला अभ्यास गंभीरपणे घेतला. निव्वळ वनस्पतिजन्य आयुर्वेदिक औषधांच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी सक्तीची झाली.

पहिले उत्तर अधिक विचार करण्याजोगे आहे. शोधन-मारणाने धातूचे रूप बदलते हा दावा तपासता येण्याजोगा आहे, आणि तो तपासायचा तर धातूच्या रूपाबरोबर ती गोळी घेणाऱ्याच्या रक्तातले शिसेही मोजावे लागते. तुमच्या बाबतीत तर ते सहज शक्य आहे. तुमच्या डॉक्टरांना गोळीचे नाव आणि किती दिवस घेत आहात ते सांगून रक्तातील शिशाची चाचणी करून घ्या. गरोदर असाल किंवा घरात लहान मूल असेल तर त्या अहवालाची वाट न पाहता गोळी बंद करा आणि मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. पण बाटली टाकून देऊ नका. तिच्यावरचा बॅच क्रमांक आणि उत्पादकाचे नाव, अहवाल वाईट आला तर, डॉक्टर तुमच्याकडे सर्वांत आधी मागतील.